जागचा न हलणारा खांब

अप्पा, तुमचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आज तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी झाल्यावरही पटत नाही. तुम्ही आखाड्यात मल्लखांब शिकवायचात, आणि घरी परसात एक खांब रोवला होतात तो माझ्यासाठी. त्याला एरंडेल लावून तुम्ही पहाटे मला चढवायचात, मी उलटी लटकायचे, आणि तुम्ही म्हणायचात, डोळे मिट आणि सांग, डावा पाय कुठे आहे. चुकलं की पोटरीवर टिचकी. न पाहता शरीराला स्वतःचा ठावठिकाणा कळला पाहिजे, हे मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही सांगायचात, एक पकड म्हणजे एक हालचाल, सुरू झाली, संपली. पकडीला पकड जोडली की माळ. आणि क्षिप्रेत पोहणं निराळं, तिथे तीच हालचाल फिरून फिरून चालते. तांदूळ निवडावेत तशा तुम्ही हालचाली निवडून वेगळ्या करायचात.

पण तुमची आणखी एक वाटणी होती, मुलींना काय जमतं आणि काय नाही याची, आणि तिच्यावरूनच आपलं फाटलं. मध्यभारत मोडून नवं राज्य झालं, मुलींच्या शाळांसाठी व्यायामशिक्षिका निवडायच्या होत्या. फ्रीगंजच्या मैदानावर चाचणी होती, मल्लखांबाची आणि हुतूतूचीही. आई पोळ्या लाटत होती, तुम्ही जेवत होतात. मी जाऊ का विचारलं, तसा तुम्ही हातातला घास खाली ठेवलात.

“बेटा, खांब जागचा हलत नाही. त्याच्याशी तुझा मामला ठीक आहे. समोरून कोणी धावून आलं की लडकीचं अंग गडबडतं. कशाला बेइज्जती करून घेते?”

“आणि आई काय करते, अप्पा? तवा तापलेला, दूध उतू चाललेलं, धाकटा पायात रांगतोय. यातलं काय जागेवर उभं आहे?”

आईने पोळी उलटली आणि पहिल्यांदाच तुमची बाजू घेतली नाही. तुम्ही ताटावरून उठलात. उठा, म्हटलं मनात. मी गेलेच.

नोकरी लागली. पुढे जन्मभर मुलींना हुतूतू शिकवला, आपटून उठायला शिकवलं. तुम्ही म्हणत होतात ती गडबड एकीच्याही अंगात उपजत नव्हती. सराव नव्हता, इतकंच. खांबापाशीच ठेवलेल्या मुलीला समोरच्याचा डाव ओळखता येणार कसा? हे तुम्हाला तोंडावर ऐकवायचं होतं. त्याआधीच तुम्ही गेलात, याचा मला अजून राग येतो.

हे पत्र टाकणार तरी कुठे, राहू दे इथेच. एक गोष्ट मात्र घरात कधी बोलले नाही. त्या दिवशी हुतूतूत मी पहिल्याच चढाईत बाद झाले होते. निवड झाली ती मल्लखांबावर.