बिनमाणसाचं शेत

१ जून, रविवार
राजनंदिनीशी आज बऱ्याच महिन्यांनी बोललो. म्हणजे टॅबवर, तिच्या त्या ठोकळ्यांच्या गेममध्ये. मी शब्द टाकून लावलेली महापेची नोकरी सोडून पोरगी बंगळूरला चित्रं काढायला गेली. तेव्हापासून फोन फक्त आईला. आता आमच्या हिनंच, सुचित्रानं, मांडवली केली आहे: दर रविवारी बापलेकीनं गेममधल्या शेतात भेटायचं, पेरायचं, बोलायचं. अट एकच. पप्पांनी सल्ला द्यायचा नाही. मंजूर.
शेत पाहिलं. गाजरं वेडीवाकडी, मध्येच एक गाढव. कडेला तिनं खोली बांधली आहे, तीही तिरकी. सल्ला दिला नाही. फक्त चार निरीक्षणं कळवली. म्हणाली, पप्पा, नुसतं पेरा ना.
पेरलं. ओळीत.

३ जून, मंगळवार
संकल्प: तिला सरप्राइज. ऑटोमॅटिक शेत!
पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग उगाच नाही बघत मी. या गेममध्ये खास ठोकळे मिळतात. एक ठोकळा नुसता बघत बसतो. ऊस उंच झाला की दुसऱ्याला इशारा देतो. दुसरा ढकलतो. ऊस मोडून पाण्यात पडतो, पाणी तो थेट पेटीत नेऊन टाकतं. माणूस लागतच नाही. आमच्या अख्ख्या सातारा जिल्ह्यात हे कुणाला सुचलं नाही.
सुचित्रा म्हणाली, अहो, तिनं भेटायला बोलावलंय, कंत्राट नाही दिलं. हिला प्रोसेस कळत नाही.

८ जून, रविवार
भेट उत्तम. मी पाण्याचा उतार काढत होतो, ती शेजारी उभी. विचारलं, गुडघा कसा आहे? मी लिहिलं, बाजूला हो, पाण्यात उभी आहेस. सॉरी म्हणाली. हल्ली समजूतदार झाली आहे.
मग म्हणाली, खोली दाखवते, चला. म्हटलं, पुढच्या रविवारी. एक ढकलणारा ठोकळा उलटा बसला होता.

११ जून, बुधवार
अडचण. तिची गाजरं नेमकी उसाच्या लायनीत. खोलीसुद्धा. काढावी लागली. प्रोजेक्ट म्हटलं की थोडं विस्थापन आलंच.
खोलीत दोन खाटा, शेताकडे उघडणारी खिडकी. गेममध्ये मुक्कामाला कोण येतंय? दारावर पाटी होती, बारीक काहीतरी लिहिलेलं. चष्मा हॉलमध्ये होता. उठायचा कंटाळा केला असं नाही, काम रंगात आलं होतं. पाटी पेटीत जपून ठेवली. मटेरियल वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.
गाढव कुंपणाबाहेर काढलं.

१४ जून, शनिवार
काम पूर्ण. गावी मानसिंगला फोन केला. धाकटा भाऊ, जन्मभर उसात राबलेला. त्याला सांगितलं, इथं ना तोडणीची टोळी, ना पाण्याची पाळी. तो म्हणाला, दादा, मग गाळपाला न्यायला ट्रॅक्टर पाठवू का? आणि स्वतःच हसला. मग म्हणाला, पोरगी काय म्हणती? म्हटलं, उद्या बघून खूश होईल. म्हणाला, ते ऱ्हाऊ दे, बोलती का तुझ्याशी?
आमच्या इथं कळंबोलीत नेटवर्कचा प्रॉब्लेम आहेच. फोन कट झाला. म्हणजे मी केला.

१५ जून, रविवार
आली. उसाभोवती एक फेरी मारली. मग लिहिलं, माझी गाजरं? पेटीत, सेफ. खोली? लेव्हलमध्ये बसत नव्हती.
शांतता. माणूस इम्प्रेस झाला की असाच गप्प होतो. शेवटी लिहिलं, छान केलंय, पप्पा. म्हणजे आता इथं कुणी यायची गरज नाही ना?
अजिबात नाही, असं दोन उद्गारचिन्हं टाकून कळवलं. ती गेली.
माझं काम तिनं पहिल्यांदाच मान्य केलं.

२२ जून, रविवार
आली नाही. कामात असेल.
पेटी उघडली. आठवडाभरात उसाचं एक कांडं नाही! सुचित्राने तिला फोन लावून विचारलं (हिचा उचलते). उत्तर आलं की या गेममध्ये आसपास कुणी उभं असेल तरच पीक वाढतं. माणूस निघून गेला की शेत होतं तिथंच थांबतं.
सरळसरळ डिझाइन डिफेक्ट. कंपनीला मेल टाकणार. सुचित्राला म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? म्हणाली, मी हसत नाहीये.

२९ जून, रविवार
सकाळपासून शेतात उभा आहे. ऊस जोरात. बघणारे ठोकळे बघताहेत, ढकलणारे ढकलताहेत. ती आलेली नाही.
वेळ होता म्हणून खोली पुन्हा बांधली. सरळ बांधली, मग थोडी तिरकी केली. दोन खाटा बसवल्या. पाटी पेटीतून काढली, तर कोरी. उखडली की अक्षरं जातात म्हणे. हे आधी सांगायला नको? सुचित्राला म्हटलं, विचार जरा तिला, काय लिहिलं होतं. म्हणाली, तुम्हीच विचारा.
फोन लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला.
कोरी पाटी बरी दिसत नाही. 'ऊस विभाग' असं लिहून दारावर ठोकली.
पेटी गच्च भरली आहे. आता उभं राहायची तशी गरज नाही.
गाढव परत आलंय. उसाच्या लायनीतच उभं आहे. राहू दे.