हकिमाच्या चरित्राचं शेवटचं पान

प्रिय लेस्टर,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागदावर लिहायला बसले. तुझी आई, माझ्या सेराफिना आंटी, गेल्यावर त्यांचं जुनं फारसी पुस्तक तू आमच्या ग्रंथालयाला दिलंस, ते बरंच केलंस. पण ‘शेवटच्या पानावरचे पिवळे डाग आधी काढा, तरच देतो’ ही तुझी अट वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्या पानाची शाई पाणी लागलं की पसरते, हे आमच्या ग्रंथपाल जयवंत सरांना सांगून सांगून मी थकले. मालकाची अट आहे म्हणतात. सोमवारी ते पान औषधाच्या पाण्यात बुडणार.

आपण काय दिलंय, हे तरी तुला ठाऊक आहे का? दख्खनमधल्या एका हकिमाचं हे चरित्र, त्याच्या शिष्याने लिहिलेलं. जाड, घोटून तुकतुकीत केलेला कागद, मजकुराभोवती लाल रेघांची चौकट. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द, म्हणजे पानं विस्कटली तरी पुन्हा लावता यावीत. कसरीने मधल्या पानांची पार चाळणी केली आहे, पण अक्षर शाबूत. शेवटच्या पानावर बुऱ्हाणपूरच्या कुणा अमीराची मोहोर आहे आणि तिच्यातलं नाव पुढच्या मालकाने चाकूने खरवडलंय. मला त्या माणसाचा भयंकर राग येतो. दुसऱ्याचं नाव खरवडलं म्हणून काय पुस्तक पहिल्यापासून आपलं होतं? त्याखाली सुरतेच्या एका मुनशीची ओळ, आणि त्याखाली इंग्रजीत ‘युस्टेस, वाकोला’. तुझे पणजोबा. साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावात त्यांनी लाकडी पेटी घेतली आणि तिच्या तळाशी हे निघालं.

पुढची वाट तुम्ही लोकांनी लावली. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी बघून पणजोबांना वाटलं, हे जेरुसलेमचं बायबल. झालं, पुस्तक घरातल्या अल्तारवर, क्रूसाशेजारी! दरवर्षी ईस्टरनंतर फादर घराला आशीर्वाद द्यायला आले की पुस्तक त्यांच्यापुढे उघडायचं आणि त्यावरही पवित्र पाणी शिंपडायचं. उघडायचं मात्र आपल्या पुस्तकांसारखं, म्हणजे उलट्या बाजूने. त्यामुळे सगळं पाणी शेवटच्या पानावर, नेमकं जिथे नक्कल करणाऱ्याने आपलं नाव आणि साल लिहिलं होतं तिथे. चार पिढ्यांनी मिळून त्या बिचाऱ्याला भक्तिभावाने पुसून टाकलं. सूचीत मला ‘नक्कल करणारा अज्ञात’ असं लिहावं लागलं, तेव्हा रडावं की हसावं कळेना.

मी फारसी शिकले तीही या पुस्तकापायी, हे तुला आठवत असेल. चार पानं लावता यायला लागल्यावर मुलुंडहून धावत तुमच्याकडे आले आणि आंटींना सांगितलं की हे बायबल नाही, एका हकिमाचं चरित्र आहे. मला वाटलं, आता त्या ते उचलून ठेवतील. तर म्हणाल्या, “मग काय झालं? डॉक्टर होता ना? चांगलाच माणूस असेल.” आणि पुस्तक होतं तिथेच राहिलं.

आता त्या पिवळ्या डागांविषयी. ते डाग नाहीत, लेस्टर, हळदीचे अंगठे आहेत. तुमच्या घरात सून येणार असली की हळदीच्या दिवशी तिचा अंगठा त्या पानाच्या समासात उमटवायचा, ही पणजीपासूनची रीत. पणजीचा, आजीचा आणि आंटींचा, ते तिन्ही तू जयवंत सरांना बरोबर सांगितलेस. चौथा तुझ्या बायकोचा, व्हेनेसाचा म्हणालास. व्हेनेसाची हळद गोरेगावच्या हॉलमध्ये झाली आणि पुस्तक वाकोल्यात होतं, हे आंटींनीच मला फोनवर सांगितलं होतं. तो कुणाचा, हे तुला पक्कं माहीत आहे. तुझ्या बहिणीच्या, फ्लेवियाच्या लग्नाची हळद कालवता कालवता आंटींनी माझा हात धरला आणि अल्तारपाशी नेऊन अंगठा दाबला. “आत्ताच लाव गं. नंतर तुमचे लोक, आमचे लोक, कोण कुठे अडून बसेल काय सांगावं.” तू दारातच उभा होतास.

त्यानंतर तू मला वर्सोव्याच्या जेट्टीवर बोलावून सांगितलंस, घरचे तयार नाहीत. मी ऐकून घेतलं. भांडले नाही, याचाच आज सगळ्यात जास्त संताप होतो. घरचे तयार होते, लेस्टर. तयार तू नव्हतास. त्याची साक्ष द्यायला आंटी आता नाहीत, फक्त ते पान आहे, आणि तेही तू धुवायला निघालास. व्हेनेसाला कळायची भीती वाटत असेल, तर ऐक. सूचीत मी लिहिलंय: चौथा ठसा कुणाचा ते माहीत नाही. खाली सही माझीच आहे. आता तरी जयवंत सरांना फोन कर, पान आहे तसं राहू दे म्हणून सांग. आयुष्यात एकदा कुणीतरी मला न विचारता, न मोजता हात धरून घरात घेतलं होतं. तेवढं मला राहू दे.

तुझीच
(सवयीने लिहून गेले, पण खोडत नाही. खरवडणाऱ्यांतली मी नाही.)
शीतल