जावयाची सवारी

प्रिय दादा,

काल आपल्या खाणीच्या रेल्वेचा शेवटचा रूळ उचलला गेला. आता हे तुला कुणी कळवायचं? वहिनीला लिहिता येत नाही, मुकादमाला सवड नाही, आणि जावयाच्या हाती कागद दिला तर तो खाऊन टाकील. म्हणून मी लिहायला बसले. माझी उन्हाळ्याची सुट्टी संपत आलीय, परवा मानवतला शाळेवर हजर व्हायचंय. त्याआधी सगळं सांगून टाकते.

जाताना तू माझ्यावर जे एकच काम टाकून गेलास, त्याचं काय झालं तेही सांगणार आहे. पण पहिल्यापासून, माझ्या पद्धतीनं. तुला घाई कसली आहे आता?

मानवतच्या शाळेत मी एकदा म्हणून गेले, "आमचा जावई रोज रेल्वेनं जायचा." झालं! कुलकर्णीबाई लगेच म्हणाल्या, "अय्या, कुठल्या खात्यात?" बैल आहे म्हटल्यावर त्यांच्या हातातला चहा सांडला. मग मधल्या सुट्टीत सगळ्यांना तुझी रेल्वे समजावून सांगावी लागली.

मी सांगितलं, बायांनो, निझामाच्या राज्यात गंगाखेडकडची मोठी लाइन टाकली, तेव्हा तिला खडी लागली. खडीसाठी आमचा डोंगर फोडायला घेतला, आणि डोंगरावरून स्टेशनापर्यंत खडी आणायला ही हातभर रुंदीची धाकटी लाइन टाकली. आमचे आजोबा तिच्या भरावावर माती टाकायला होते. इंजिन नाही, कोळसा नाही. भरलेल्या ट्रॉल्या उताराच्या जोरावर आपोआप खाली यायच्या. रिकाम्या ट्रॉल्या वर ओढायला बैल. आणि तो बैल खाली कसा यायचा? शेवटच्या ट्रॉलीत उभा राहून! अंगाला वारा लावून घेत, कडबा खात, ऐटीत.

"आणि ट्रॉल्या थांबवायचं कोण?" कुलकर्णीबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "माझा दादा." असं म्हणताना माझी मान जरा ताठच झाली बघ.

तुझ्या आधी ब्रेकवर उस्मानचाचा होते. बाभळीचा जाड दांडा चाकावर कसा दाबायचा ते त्यांनी तुला शिकवलं, आणि बैलाला हाळी कशी द्यायची तेही. ट्रॉल्या भरून झाल्या की ते ओरडायचे, "चलो, सवारी!" की बैल आपला आपण दगडी ओट्यावर चढून ट्रॉलीत जाऊन उभा राहायचा. चाचा गेले, त्यांचा बैल गेला, पण हाळी राहिली. तुझा बैल ती हाळी ऐकतच मोठा झाला. बसून फिरतो आणि आयतं खातो म्हणून खाणीतल्या बायांनी त्याचं नाव जावई ठेवलं. "जावई बसले का गं?" असं एकीनं विचारलं की सगळ्या खाणीत हसू फुटायचं.

बौद्ध झाल्यापासून पोळ्याला वस्तीत आपण पूजा करायची सोडली, पण तू त्याला अंघोळ घालायचास आणि पुरणपोळी चारायचास. कुणी टोकलं तर म्हणायचास, "पूजा कुठं करायलोय? जेवू घालायलोय!"

त्याच रुळांच्या कडेनं वहिनी रोज वर यायची, तुझी भाकरी घेऊन. तू जेवलास की डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन पायी खाली निघायची. अर्ध्या वाटेत मागून खडखडाट व्हायचा. वहिनी बाजूला सरकून उभी राहायची, आणि तिच्या समोरून तू, खडी आणि जावई भुर्रकन निघून जायचात. सगळे हसायचे. वहिनीही हसायची. मी लहान असताना मला तू किती वेळा बसवलंस, पण दांड्याला हात लावू दिला नाहीस. "बायकांचं काम न्हाई ते," म्हणायचास. आणि वहिनीला? लोक काय म्हणतील, मुकादम काय म्हणेल! दादा, बैल बसलेला लोकांना चालतो आणि बायको बसलेली चालत नाही, हा कुठला न्याय रे?

मग ती कावीळ आली. दिवाळी झाली नि तू अंथरूण धरलंस. डोळे हळदीसारखे पिवळे. मी रजा काढून आले तर माझा हात धरून म्हणालास, "मंदे, जावयाला पायी धाडू नको." मला लगेच कळलं. बाजारातून दलाल जी म्हातारी जनावरं हाकत नेतात, ती पायी जातात आणि परत येत नाहीत. मी हो म्हटलं. दाराशी वहिनी उभी होती, ती तुझ्याकडे बघत राहिली. तिच्यासाठी काहीतरी सांगशील म्हणून वाट बघत होती ती. तू डोळे मिटून घेतलेस. राग आला होता मला तेव्हा तुझा. अजूनही थोडा आहे.

तू गेल्यावर तुझ्या रेल्वेनंही फार दिवस काढले नाहीत. खाणीपर्यंत सडक झाली. ट्रक थेट वर जायला लागले. दोन्ही लेकी, थोडं कोरडवाहू रान आणि एक बैल वहिनीच्या पदरात राहिला. तिनं जावयाला विकायचं ठरवलं. कामाच्या घरी गेला तर तुझ्या शब्दाच्या आड येत नव्हतं, म्हणून मीही हो म्हटलं.

गंगाखेडच्या बाजारात लगेच गिऱ्हाईक मिळालं. आणि आठवड्याच्या आत परत आलं!

"वैनी, बैल लय गुणी हाय," तो शेतकरी म्हणाला, "पर रानात उतार लागला की नांगर सोडून मागं येऊन हुबा ऱ्हायलाय. कुठं बसवू ह्याला? नांगरावर?"

दुसऱ्यानं गाडीला जुंपला. तो तर दोरी हातात घेऊन तणतणतच आला. "चढाला दोन बैलांचं वढतो. उतार आला की जू टाकून मागं! फुडचे दोन पाय गाडीत, आन माझ्याकडं बघायलाय! गाव हासायलंय मला!"

मीही हसले, दादा. खोटं कशाला बोलू? त्या बिचाऱ्याची काय चूक? त्याला आयुष्यभर एकच कायदा माहीत होता. चढ आपण ओढायचा आणि उतार बसून यायचं. तो आपला हक्क मागत होता.

पण हसून पोट भरत नाही. मे महिन्यात मी सुट्टीला आले तेव्हा कडब्याची गंजी संपत आली होती. येत्या बाजाराला दलाल येणार, असं वहिनीनं मला सांगितलं. मी चिडले. तुझा शब्द आठवून दिला.

"तुमच्या दादाचा शब्द मी बी आयकलाय," ती म्हणाली. "मंदाताई, मला दोन पोरी हायत. त्यांच्या तोंडचं काढून ह्याला घालू का? तुमीच सांगा."

तिचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "बाजारापर्यंत थांबा. मी बघते." वहिनीनं मान हलवली, पण तिचा भरवसा नव्हता.

मी बघते असं म्हणाले खरं, पण काय बघणार ते मलाच ठाऊक नव्हतं! डोकं शांत करायला भरावावरून स्टेशनाकडे चालत गेले. तिथल्या वस्तीत विहाराचं बांधकाम चाललंय. सिमेंटला परमिट लागतं, ते मिळता मिळत नाही, म्हणून किसन गवंडी चुन्यातच बांधतात. त्यांची चुन्याची घाणी तूही पाहिलीयस. जमिनीत गोल चर, त्यात चुना दळणारं उभं दगडी चाक, आणि बैल फिरतोय गोल गोल. त्या दिवशी बैल नव्हता. दोन माणसं घामाघूम होऊन चाक ओढत होती. किसनमामांचा बैल म्हातारपणानं गेला होता.

मी तिथंच थबकले. गोल गोल! दादा, तिथं वर काही नाही आणि खाली काही नाही!

"मामा, आमचा जावई ठेवता का?" मी विचारलं.

"त्यो? उताराला अडतो म्हणं!"

"तुमच्या घाणीला उतार कुठाय?"

मामांनी घाणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पागोट्याखाली डोकं खाजवलं. "न्हाई बगा," म्हणाले. तिथंच ठरलं. त्याचं चारापाणी मामांकडे, मालकी वहिनीची, आणि कामाचे पैसे घरी.

वहिनीला सांगितलं तर तिनं आधी पदरानं डोळे पुसले, मग म्हणाली, "मग उद्याच सोडून येऊ त्याला चालत."

"चालत?" मी म्हटलं. "दादा काय म्हणाला होता?"

आता तूच म्हणशील, अगं वेडे, माझा अर्थ तसा नव्हता. असू दे. शब्द दिलाय तो दिलाय. आणि दुसऱ्या दिवसापासून डोंगराच्या टोकाकडून रूळ उचलायला सुरुवात होणार होती. एक दिवस उशीर झाला असता तर ओटा राहिला असता, पण ओट्यासमोर रूळ नसते.

सकाळीच आम्ही जावयाला वर नेलं. मुकादमाची माणसं पहारी घेऊन तयारच होती. मी म्हटलं, आधी एक ट्रॉली खाली जाईल, मग काय उचलायचं ते उचला.

"बाई, तुमी मास्तरीण. बिरेक तुमचं काम न्हाई," मुकादम म्हणाला.

"मग कुणाचं? ज्याचं होतं तो तर गेला."

"आन जनावर उधळलं म्हंजे?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वेळा बसलंय ते."

मुकादम काही बोलणार तेवढ्यात वहिनीनं हातातली घागर खाली ठेवली. पदर कमरेला खोचला. "मी बी बसणार," म्हणाली.

मुकादमानं कपाळावर हात मारला. पण वहिनी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती रिकाम्या ट्रॉलीकडे बघत होती. "लग्न होऊन आल्यापासनं ह्या रुळाच्या कडंनं चालायलेय मी," ती म्हणाली. "मुक्या जनावराला रोज सवारी, आन मला एक दिस न्हाई! त्यांनी एक डाव तरी इचारायचं व्हतं. मी न्हाई म्हणले असते, पर इचारायचं तरी."

ऐकलंस ना, दादा? ती एवढंच म्हणाली. कुणीही हसलं नाही. मुकादम गुपचूप बाजूला झाला.

मी दांडा हातात घेतला आणि घसा साफ करून ओरडले, "चलो, सवारी!"

जावयानं कान टवकारले. तू गेल्यापासून ती हाळी त्याच्या कानावर पडली नव्हती. तो ओट्यावर चढला, ट्रॉलीत गेला, आणि वहिनीसाठी जागा ठेवल्यासारखा एका अंगाला उभा राहिला. माझे डोळे भरून आले, पण दांडा हातात असताना रडायचं नसतं. वहिनी त्याच्या मानेला बिलगून उभी राहिली. मी दांडा उचलला.

काय सुटलो रे आम्ही! मुरमाचा खोदकामातला भाग, मग भराव, मग नाल्यावरची मोरी. वळण लांबून दिसताच मला तुझं बोलणं आठवलं, "वळणाच्या आधी दांडा, वळणात न्हाई." सगळा भार टाकून दाबला. चाक किंचाळलं, जळक्या बाभळीचा तो वास आला, आणि ट्रॉली शहाण्यासारखी वळली. बायकांचं काम न्हाई म्हणे! आधी वहिनीनं डोळे गच्च मिटले होते. मोरी ओलांडली तेव्हा उघडले. मग ती हसायला लागली. अशी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. तूही पाहिली नसणार.

खाली स्टेशनाशी थांबलो. जावई उतरला. आणि दादा, त्यानं काय करावं? तो वळला आणि सवयीनं ट्रॉलीच्या पुढं जाऊन उभा राहिला. साखळी कधी अडकवता म्हणून वाट बघत. मला वाटलं आता मात्र माझ्याच्यानं हे पाहवणार नाही. त्याला कसं सांगायचं की संपलं?

मागून वहिनी म्हणाली, "मंदाताई, आडकवा की साखळी."

ती ट्रॉलीतून उतरलीच नव्हती!

मग आम्ही काय केलं असेल? अडकवली! जावयानं आम्हाला दोघींना डोंगरावर ओढून नेलं. वर अजून पहिल्याच रुळाचे खिळे निघत होते; आम्हाला परत आलेलं पाहून मुकादम पहार टाकून ओरडायला लागला. दुसऱ्या खेपेला मी दांडा वहिनीच्या हातात दिला. सांगते तुला, माझ्यापेक्षा तिचा हात जड पडतो. तिनं ट्रॉली किसनमामांच्या घाणीजवळ अशी अलगद थांबवली की मामा चुन्याचं फावडं हातात धरून बघतच राहिले.

जावई आता घाणीला फिरतो. गोल फिरताना काही मागत नाही. पण संध्याकाळी सुटला की विटांच्या गाडीमागं जाऊन पुढचे दोन पाय वर टाकतो. गाडीवानाला मामांनी सांगून ठेवलंय, त्याला जरा वेळ राहू दे तसाच.

बाकी तुझ्या रेल्वेचं काय उरलं? भराव आहे, स्टेशनाला जायची पायवाट म्हणून. मोरी आहे. ओटा आहे, त्यावर पोरं चढतात. स्लीपर बऱ्याच चुलींत गेले. रुळाचा एक तुकडा मुकादमानं आपण होऊन वहिनीला दिला. तो गोठ्याच्या दारावर बसवलाय. तुझा दांडा मी मानवतला नेणार आहे.

आता माझा शब्द ऐक. पोळ्याला मी येईन, त्याला अंघोळ घालीन, पोळी चारीन. घाणीचं काम त्याला झेपेनासं होईल तेव्हा मी त्याला गाडीत घालून आणीन, आणि तो आपल्या गोठ्यातच म्हातारा होईल. आणि दिवाळीच्या सुट्टीत वहिनीला आणि पोरींना मी मोठ्या रेल्वेनं मानवतला घेऊन जाईन. खिडकीची जागा वहिनीची. आधी विचारीन तिला, तुझ्यासारखं नाही. दादा, तुझ्या घरचं कुणी आता पायी जाणार नाही.

जय भीम.

तुझी, ब्रेक दाबता येणारी बहीण,
मंदी