हात मोकळे न्हाईत

चतुरा आत्याच्या पायावर धुळाजीचं डोकं.

हे पत्र तुला मिळायचं न्हाई. तुज्या सासरी, आष्टीत, तुला पत्र वाचून दाखवणारा कारकून गढीच्या मालकांचाच पाहुणा हाय. तरी लिहितो.

आपल्या धनगरवाड्याचा माणूस गढीपुढून वहाणा हातात घेऊनच जायचा. तू माहेरी आलतीस, अन् दोन्ही हातांत कोकरू धरून, वहाणा घालून तशीच निघालीस. अर्जुनराव मालक हैद्राबादच्या सायबासंगं ओट्यावर बसलते. ते ओरडले, "वहाणा कावून न्हाई काढल्या?"

तू म्हणालीस, "हात मोकळे न्हाईत, मालक. कोकरू धरता का जरा?"

सायबाला हसू फुटलं, अन् तू वहाणा घालूनच म्होरं गेलीस. मला तवा तू गढीपरीस उंच दिसलीस. पण आबा लई भ्याला. सख्खा भाऊ असून त्यानं तुला त्याच सांजंला सासरी धाडलं.

आत्या, आता आपल्यातला जो तो गढीपुढून कोकरू घेऊनच जातो, वहाणा घालून. काल आबा बाजाराला निघाला. वाकून त्यानंबी एक कोकरू उचललं. बाजारात कुणीतरी भाव विचारला, तर म्हणाला, "इकायचं न्हाई. बहिणीचं हाय."

तुजा भाचा,
धुळाजी