उघडलेला ताईत

मंगळवार, संध्याकाळ

उद्या ताईचं हृदयाचं ऑपरेशन. सिस्टरनं तिच्या दंडावरचा ताईत काढून माझ्या हाती दिला. सावनेरजवळच्या दर्ग्यातल्या बाबांचा, वीस वर्षांपूर्वीचा. मी संस्कृत शिकलेला, बुवाबाजीवर बातम्या लिहिणारा. घरी येताच ताईताच्या नळीच्या तोंडाचं मेण खरवडलं. अभ्यास म्हणून, अर्थात! आत घडी घातलेला कागद, त्यावर अरबी अक्षरं, आकड्यांचे चौकोन. आपली पूजेतली यंत्रं तरी वेगळी कुठे असतात? पण घड्या सात होत्या की आठ? तीनदा घातल्या, कागद नळीत जाईना.

तेवढ्यात दवाखान्यातून ताईचा फोन.

"ताईत सांभाळून ठेवला ना गा? उघडू नको, पंडित. तुले प्रत्येक गोष्ट वाचाची खोड आहे."

"ठेवलाय," म्हटलं.

"मंग मले भेव नाही."

चौथ्यांदा घडी घालायला बसलो. या खेपेला आधी हात धुतले.