आमच्या पाड्याचं मशीन

१४ मार्च १९९५, कळंबा
पडला. डिपॉझिटही गेलं. रमणचा फोन शेजारी रशीदभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात आला. आवाज मात्र निवडून आल्यासारखा. म्हणे, आमच्या पाड्यानं सगळी मतं मलाच दिली. तुला कसं कळलं म्हटलं, तर म्हणाला, मतपत्रिका मोजायच्या आधी सगळ्या गावांच्या एकत्र मिसळतात, कळत नाही, पण मला माहीत आहे. एवढ्या भरवशावर पाटबंधाऱ्यातली नोकरी सोडली. सरकारी नोकराला उभं राहता येत नाही म्हणून. माझी हॉस्पिटलची ड्यूटी आहे म्हणून चूल पेटतेय.

२ एप्रिल
र. सातपुड्यातून परत. वाळलाय. संध्याकाळी माझे वडील, आबा, आले. आमच्या बौद्धवाड्यात या लग्नाला, जावई भिल्ल म्हणून, सगळ्यांनी नाकं मुरडली होती, एकटे आबा सोडून. त्यांनी सरळच विचारलं, "पावणं, शीट तुमच्याच लोकास्नी राखीव हाय की. मग तुमाला का मिळंना?"
र. म्हणाला, जागा राखीव आहे, माणूस शेठ ठरवतो. शेठ म्हणजे तिकडचा रस्त्यांचा आणि टँकरचा ठेकेदार. त्याला स्वतःला उभं राहता येत नाही, म्हणून ऐकण्यातला आदिवासी उभा करतो. पहिला आमदार शेठच्या वडिलांचा सालगडी. दुसरा त्या सालगड्याचा मेहुणा. आताचा त्या मेहुण्याचा मुलगा. एवढाच काय तो मतदारसंघाचा इतिहास.
आबांनी चहा मागितला.

९ सप्टेंबर १९९९
पुन्हा उभा. गूळ मार्केटातल्या अडत्यानं कारकुनीतून महिनाभर रजा दिली, भला माणूस.
या खेपेला रजा काढून मीही गेलते चार दिवस. सासूबाईंना सगळा पाडा याहा म्हणतो, म्हणजे आई. त्यांच्याबरोबर पाण्याला गेले. खाली नाल्यापर्यंत उतरायचं आणि दोन हंडे घेऊन चढायचं. मला एक झेपेना. त्या हसल्या.
र. घरोघर एकच सांगत होता: बिनघोर मत द्या, कोणी कोणाला दिलं ते देवालाही कळत नाही.

८ ऑक्टोबर
पडला. काय लिहायचं.

१७ ऑक्टोबर २००४
तिसऱ्यांदा पडला, आणि पेढे घेऊन आला!
यंदा सगळीकडे मशीन. मिसळणं बंद, प्रत्येक गावाचं मशीन वेगळं मोजतात. बाकी सगळीकडे आपटला, पण पाड्याच्या मशीनमध्ये सगळ्यात पुढे र. दहा वर्षं सांगत होता ते खरं निघालं. पोरासारखा नाचला. मला रडू आलं. इतकी वर्षं मी त्याला खुळा समजत होते.
रशीदभाईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून म्हणाले, "भाबी, गाव तुमाला दिसलं म्हंजे शेठलाबी दिसलं असंल की."
मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. र. लाही सांगितलं नाही.

२३ जाने. २००५
गुलाबचा फोन. र. चा धाकटा भाऊ, तिकडेच असतो. बोअर मारायची गाडी आमच्या पाड्याला मंजूर होती. अलीकडच्या पाड्यापर्यंत आली, तिथं बोअर मारलं आणि माघारी गेली. उन्हाळ्यातला टँकरही येणार नाही म्हणे. विचारायला गेले तर शेठचा माणूस म्हणाला, तुमच्या आमदाराकडून घ्या, कोल्हापूरच्या.
र. जेवला नाही.

११ मे २००७
याहा नाल्याच्या वाटेवर हंड्यासकट पडल्या. खुबा मोडला. गुलाब इथं घेऊन आला, माझ्याच वॉर्डात आहेत. र. उशाशी बसून. त्या माझ्याशी बोलतात, गुलाबशी बोलतात, वॉर्डातल्या आयांशीसुद्धा खुणांनी बोलतात. र. शी नाही. डबा त्याच्या हातून घेतात तेवढं.

२० मे
र. ला म्हटलं, पुरे आता, पुढच्या खेपेला नको. म्हणाला, मी बसलो तर, पाणी तोडलं की माणूस वाकतो, हे शेठचं म्हणणं खरं ठरेल. मी म्हटलं, ठरू दे खरं.

२६ सप्टेंबर २००९
माझं न ऐकता अर्ज भरून आला. चौथ्यांदा. अपक्ष, चिन्ह कपबशी मागितलंय. मी आता भांडतही नाही.

३० सप्टें.
माघारीची मुदत काल संपली आणि आज गुलाबचा फोन. सिग्नल मिळायला टेकडीवर चढला होता. पाड्याची बैठक झाली. सगळी मतं आमदाराला द्यायची ठरलं. शेठचा निरोप आहे की रमणच्या नावाचं एक मत जरी त्या मशीनमधून निघालं तरी पाणी विसरा. बैठकीत पहिला हात याहांनी वर केला.
र. नं फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर जाऊन बसला.

४ ऑक्टो.
गेला तिकडे. काठी टेकत चालणाऱ्या आईच्या पाड्यात घरोघर जाऊन सांगणार आहे, मला मत देऊ नका. बॅग मीच भरली.

८ ऑक्टो.
गुलाबकडून कळलं. लोक म्हणतात, याआधी रमण इतकं चांगलं कधी बोलला नव्हता. काही बाया रडल्या. याहांनी त्याला जेवायला वाढलं आणि दोन वर्षांनी त्याच्याशी बोलल्या.

१४ ऑक्टो.
काल मतदान झालं. आज र. चा फोन. सगळ्यांनी ऐकलं म्हणाला, एकूणएक. आवाजात काहीच नव्हतं.
मी विचारलं, "आणि तुझं? तुझं नाव अजून तिथल्याच यादीत आहे."
मागं एस.टी.चा आवाज येत होता. पुन्हा विचारलं, स्वतःला दिलंस का? "येतो," म्हणाला आणि ठेवला.
मोजणी पुढच्या आठवड्यात. दिलं असेल तर पाड्याचं पाणी गेलं. आणि दिलं नसेल, तर चौदा वर्षं हा माणूस कशासाठी उभा राहत होता?