रंगाखालचा बाण

देवळाली प्रवरा, मंगळवार, संध्याकाळ

उद्या साखर कारखान्यात चेअरमनसाहेबांच्या हस्ते बॉयलर पेटवायची पूजा, म्हणून सगळ्या पाइपांना चंदेरी रंग फासलाय. बॉयलरच्या पाण्याच्या लाइनवरचा, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तर नवरदेवच दिसतोय. फक्त पाण्याची दिशा दाखवणारा बाण रंगाखाली गेला. तपासल्याची सही माझी! फिटर भाऊसाहेबांनी रंग खरवडला, तर बॉयलरकडे हवा तो बाण पंपाकडे.

"अहो, उलटा बसवलाय!"

"न्हाई साहेब, मागल्या सीझनला असाच चालला की."

उलटा असता तर पाणी चढलंच नसतं. मग बाण खोटा, की भाऊसाहेब? पाण्याविना बॉयलर पेटवला तर नळ्या जळतील. सही केली नाही. आधी व्हॉल्व्ह खोलायचा, मग पूजा.

भाऊसाहेब म्हणाले, "पूजा लांबणार हे चेअरमनसाहेबांना तुमीच सांगा. तुमचं तोंड तसंबी लई वाईट हाय."